सोलर प्लांट उभा आहे पण ग्रिडला जोडत नाहीयेत, अडतं कुठे?

ऐरोलीकर:
मावसभाऊ सोलापूरकडे सोलर प्लांटच्या साइटवर आहे. पॅनल लागले, इन्व्हर्टर बसले, मोठा ट्रान्सफॉर्मर पण आला, तरी साहेब लोक म्हणतायत थांबा. आमच्या गच्चीवरून टॉवरच टॉवर दिसतात, मला वाटायचं तार ओढली की झालं. परवानगी देतं तरी कोण?

रिलेवाला:
तार ओढणं सगळ्यात सोपं हो. राज्याच्या लाइनला जोडायचं तर कनेक्टिव्हिटी, म्हणजे जोडणीची परवानगी, महापारेषणकडून (राज्याची ट्रान्समिशन कंपनी), आंतरराज्य लाइन असेल तर सीटीयूकडून (केंद्राची ट्रान्समिशन संस्था). ते आधी लोड फ्लो स्टडी करतात, म्हणजे तुमची वीज आत आली आणि नेमकी तेव्हाच शेजारची एखादी लाइन ट्रिप झाली तर उरलेल्या लाइनी झेपवतील का. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय ना, कळवा-पडघा लाइनी गेल्या आणि मुंबई ठाणे नवी मुंबई सगळं अंधारात.
मग सबस्टेशनात बे लागतो, म्हणजे तुमची लाइन जोडायची स्वतंत्र जागा. त्यात लाइन तोडणारा ब्रेकर, वेगळी करणारा आयसोलेटर, करंट आणि व्होल्टेज मोजायला सीटी, पीटी. माझ्या मते निम्मे प्रोजेक्ट इथेच रखडतात, कारण प्लांट वर्षभरात उभा राहतो पण बे आणि लाइनच्या जागेचं काम आपल्या गतीनेच चालतं. शिवाय लाइनच्या दोन्ही टोकांच्या रिले (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारी उपकरणं) सेटिंग जुळायला हव्यात, एबीटी मीटर (वेळेच्या ठरावीक टप्प्यांनुसार वीज मोजणारे) हवे, इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरची चार्जिंग परमिशन हवी आणि प्लांटचा डेटा एसएलडीसीच्या, म्हणजे राज्याची ग्रिड सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरच्या, स्क्रीनवर दिसायला हवा. हे एसएलडीसी तुमच्या ऐरोलीतच आहे बरं का!

थर्मलवाला ठाणे:
सोलरला सिंक, म्हणजे ग्रिडशी ताल जुळवणं, इन्व्हर्टर स्वतःच करतो, मजा टर्बाइनची. व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, फेज सिक्वेन्स, फेज अँगल सगळं जुळल्याशिवाय ब्रेकर मारायचा नाही. हा ताल दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा हळूहळू घड्याळाच्या दिशेने फिरत असतो, म्हणजे मशीन ग्रिडपेक्षा किंचित वेगात, आणि बारावर पोचायच्या जरा आधी कमांड द्यायची कारण ब्रेकरलाही बंद व्हायला काही मिलिसेकंद लागतात. चुकीच्या अँगलला मारला तर शाफ्टला असा दणका बसतो की विचारू नका. आता ऑटो सिंक्रोनायझर असतो, तरी कंट्रोल रूममध्ये त्या वेळी कोणी बोलत नाही.

घोडबंदर०७:
थोडं अवांतर, आमच्या सोसायटीत छतावर सोलर आहे तरी लाइट गेली की तेही बंद, भर दुपारी. फसवलं का आम्हाला?

रिलेवाला:
नाही हो, ते मुद्दाम तसंच ठेवलेलं असतं. ग्रिड मेली की इन्व्हर्टरने सुटायलाच हवं, नाहीतर लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज लागेल. दुपारी चालूच हवं असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, पण खर्च वाढतो.

ऐरोलीकर:
आत्ताच भावाला फोन केला. बे तयार आहे म्हणे, अडलंय मीटर टेस्टिंगवर.

रिलेवाला:
मग थोडक्यातच राहिलंय. मीटरचं सील आणि टेस्ट रिपोर्ट हातात आला की लगेच एसएलडीसीकडे पाठवायला सांगा, नाहीतर तिथे परत थांबायला लागेल.