तुम्ही रियाज कुठे करता?

काळी_चार

गेल्या रविवारी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला : "बी विंग, तिसरा मजला. सकाळचे आ-आ-आ कृपया बंद करावे." आमच्या मजल्यावर बिऱ्हाडं दोनच. एकात पंचाहत्तरीचे आजोबा एकटे राहतात. म्हणजे आ-आ-आ माझेच.

मी कोथरूडला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. आठवड्यातून तीन दिवस हिंजवडी, बाकी घरून काम. गाणं शाळेपासून होतं, नोकरी लागल्यावर सुटलं, दोन वर्षांपूर्वी परत धरलं. आता गाण्यातली मध्यमा पूर्णची परीक्षा द्यायची आहे, म्हणून बाईंनी रोज तासभर बसायला सांगितलंय. खर्जाचं, म्हणजे अगदी खालच्या सुरांचं, ठीक आहे हो. पहाटे मंद्रातला सा धरून बसले तर शेजारच्या गादीवरची मैत्रीण कूससुद्धा बदलत नाही. भानगड होते पलट्यांना, म्हणजे सूर उलटसुलट फिरवण्याच्या सरावाला. बिल्डरने भिंत म्हणून जे काही दिलंय, त्याला काळी चारातला (ही माझी पट्टी) तार सा, म्हणजे वरचा सा, अडवणं जमत नाही.

सध्या मैत्रिणीच्या जुन्या गाडीत बसून गाते. तळघरातलं पार्किंग, काचा वर, फोनवर तानपुरा. आवाज इतका घुमतो की स्वतःवरच खूश व्हावं, पण दहा मिनिटांत काचांवर वाफ धरते आणि पाठ भिजते. परवा वॉचमनकाकांनी टॉर्च मारून बघितलं. "ताई, बरं वाटत नाहीये का?"

तर शहरात राहून गाता, वाजवता, नाचता, चितारता ते कुठे, कधी आणि कोणाच्या शिव्या खाऊन? अनुभव लिहा. "स्वतःचं घर घ्या" हा सल्ला आई देतेच आहे.

टेकडीवरचा

बासरी. पुण्यातली वेताळ टेकडी, खाणीच्या अलीकडचा एक सपाट दगड. चार वर्षं झाली, आता तो दगड माझाच आहे असं मी धरून चालतो.

उजाडता उजाडता पोचायचं. डिसेंबरात बासरी गार पडते आणि सूर उतरतो; फोनमधल्या तानपुऱ्याला थंडी वाजत नाही, त्यामुळे दोघांचं जमेना होतं. मग बासरी जॅकेटच्या आत धरून चढ चढायचा आणि वर गेल्यावर पाच मिनिटं नुसती फुंकर. षड्ज, म्हणजे सा, मोराकडून आला असं शास्त्रात सांगतात. टेकडीवर मोर भरपूर आहेत, रोज ऐकतो, पण त्यांची पट्टी मला अजून सापडलेली नाही.

तक्रार कोणी करत नाही. खरे वैरी म्हणजे शर्टाच्या खिशातल्या फोनवर जुनी गाणी लावून चालणारे. माझा भूप राग चालू असताना एकजण डावीकडून किशोरकुमार घेऊन येतो, वळणापर्यंत तो ऐकू येत राहतो, आणि तेवढ्यात माझा गंधार कुठेतरी जाऊन पडलेला असतो.

बिनघुंगरू

कथक, बोरिवली, चौथा मजला. बारावीत असताना खालच्या काकूंनी आईला चहाला बोलावलं. चहा दिला, बिस्किटं दिली, आणि म्हणाल्या, "आता जरा वर बघा." त्यांचा छताचा पंखा बंद होता आणि तरी हलत होता. मी वर तत्कार, म्हणजे पायाने ठेका, करत होते.

त्या दिवसापासून घरात घुंगरू बंद. सतरंजी घालून पाहिली, पण पायाला जमीनच लागत नाही, आणि पायाचा आवाज स्वतःला ऐकू आला नाही तर तत्काराला काय अर्थ? मग गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठनंतर तळवे पोळतात. पावसाळ्यात शेवाळ. म्हणजे हिशोब केला तर नाचायला नीट मिळतात चार-पाच महिने. उरलेल्या दिवसांत बसून पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, हाताने ताल देत. तिहाई (तीनदा म्हटलेला तुकडा) समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते की नाही हे पायांशिवाय कळतं, हे मला काकूंमुळे कळलं. (त्यांचे आभार मानलेले नाहीत.)

आता क्लास अंधेरीला आहे. मेट्रोच्या स्कॅनरवर बॅग ठेवली की घुंगरू वाजतात आणि मशीनवरची बाई मान वर करते. आमची तेवढीच ओळख.

सातदहा

मी गाणारा नाही. डोंबिवलीहून सकाळची लोकल. जागा मिळते ती भजनी मंडळाच्या डब्यात चढतो म्हणून. सुरुवातीला उभा राहून ऐकायचो, तीन आठवड्यांनी एका मामांनी न विचारता हातात टाळ दिले. "नुसते उभे आहात ते."

टाळ धरायला शिकायलाच महिना गेला. मनगटाने मारायचे, दंडाने नाही, नाहीतर शेजारच्याच्या चष्म्याला लागतं. (लागलं.) गजर, दोन-तीन अभंग, मध्ये गवळण, शेवटी भैरवी. भैरवी कधी घ्यायची हे गाडी किती लेट आहे त्यावर. ज्याला घाटकोपरला उतरायचं असतं तो टाळ पुढच्याच्या हातात देतो आणि उतरतो. ठेका तुटत नाही. फलाटावर उतरल्यावरही त्याचा हात चालू असतो, मी पाहिलंय.

सगळ्यांना आवडतं असं अजिबात नाही. एका मुलीने एकदा स्पष्ट सांगितलं की मला रात्री झोप मिळालेली नाही, मला ही पन्नास मिनिटं हवी आहेत. मामा म्हणाले बरं, आणि त्या दिवशी हळू म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. ती डबा बदलून गेली. मला तेव्हाही कळलं नव्हतं कोणाची बाजू घ्यावी, आताही नाही.

ईझार_काठी

म्युनिक. तबला. इथे घराच्या करारातच शांततेच्या वेळा लिहिलेल्या असतात : रात्री दहा ते सकाळी सहा, आमच्याकडे दुपारी एक ते तीनही, आणि रविवार जवळजवळ पूर्ण. पहिल्या वर्षी मला वाटलं, संपलं.

पण २०१८ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे ऑग्सबुर्गकडच्या एका ट्रम्पेटवादकाचा खटला आला होता. शेजाऱ्यांना त्रास होत होता. न्यायालय म्हणालं, घरात वाद्य वाजवणं हा रोजच्या जगण्याचाच भाग आहे, त्यावर सरसकट बंदी चालणार नाही. कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि रविवारी-सुट्टीला एक-दोन तास, शांततेच्या वेळा सोडून, असा ढोबळ अंदाजही दिला. मी वरच्या आजींना जाऊन सांगितलं, संध्याकाळी सहा ते सात वाजवीन. त्यांनी कॅलेंडरवर लिहून घेतलं. एकदा मी तापाने पडलो होतो तर सव्वासहाला दार वाजवून "आज नाही?" विचारून गेल्या. आवडतं म्हणून की कॅलेंडर चुकलं म्हणून, ते विचारायचं जर्मन माझ्याकडे नाही.

जवारीचा_दोरा

धागा उशिरा पाहिला. काळी_चार, तुझ्या फोनच्या तानपुऱ्यावरून आठवलं म्हणून लांबण लावते.

मी ठाण्याला, वन बीएचके, नवरा आणि मी. नोकरीच्या पाचव्या वर्षी बोनस आला तेव्हा सोफा घ्यायचा की तानपुरा असा प्रश्न होता. सोफा अजून नाही.

मिरजेला गेले. सतारमेकर गल्लीत दुकानांपेक्षा घरं जास्त वाटतात. पुढच्या खोलीत भोपळे टांगलेले, मागून भाजीच्या फोडणीचा वास. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. खायचे नव्हेत, कडू जातीचे, वेलावरच मोठे होऊ देऊन वाळवलेले. एक आपटून दाखवला, दुसरा आपटून दाखवला, आणि विचारलं, "फरक कळला?" मला नाही कळला. ते हसले नाहीत, तिसरा घेतला. ही घराणी मुळात शिकलगारांची, हत्यारं घडवणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वाद्यांकडे वळली. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. विचारल्यावर कारागीर म्हणाले, "कागद आला, बरं झालं. पोरगं पुण्याला कंपनीत आहे."

दुपारी मिरासाहेब दर्ग्यात गेले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच विसावलेत, १९३७ पासून. कोपऱ्यात एक शाळकरी मुलगा वही घेऊन गणितं सोडवत होता. तासभर बसले.

जवारी काढताना, म्हणजे तारेचा गुंजणारा आवाज जुळवताना, बघणं हा वेगळाच प्रकार. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, तार लावायची, ऐकायचं, तार सोडायची, परत कानस. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा, केसाइतका पुढे, केसाइतका मागे, आणि एका जागी तार एकदम उघडते. कोणीतरी खोलीची खिडकी उघडावी तशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी धुळीवर ढकललं.

परत येताना महालक्ष्मी एक्सप्रेस, स्लीपर. तानपुरा खालच्या बर्थवर, मी त्याच्या पायथ्याशी बसून. टीसीने विचारलं, "ह्यांचं तिकीट?" मग स्वतःच हसला आणि पुण्यापर्यंत येता-जाता त्याच्यावर नजर ठेवून होता. ठाण्याला उतरवताना मात्र हमालाने तुंबा, म्हणजे खालचा भोपळा, दाराला लागू दिला असता. मी इतक्या जोरात ओरडले की तेवढा तार सा आजवर लागलेला नाही.

आता तो पलंग आणि कपाट यांच्यामधल्या फटीत उभा असतो. जुलैत दमटपणाने तारा रोज उतरतात. लावण्यात वीस मिनिटं जातात, गायला उरतात पंचवीस. पण एक सांगते : फोनच्या तानपुऱ्याबरोबर गाताना मी मोठ्याने गायचे. ह्याच्याबरोबर आपोआप हळू गाते, कारण त्याच्या आवाजाखाली जायचं नसतं, आत जायचं असतं. शेजाऱ्यांची तक्रार थांबली ती त्यामुळे की त्यांनी हात टेकले म्हणून, देव जाणे.

टिपरू

ढोलवाल्यांनी काय करायचं ते सांगा कोणीतरी. आमचं पथक पुण्याचं. जूनच्या शेवटापासून सराव, नदीपात्राकडे, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर. पहिल्या आठवड्यात थापीचा हात सुजतो, दुसऱ्यात टिपरूच्या, म्हणजे काठीच्या, हाताला फोड. पाऊस आला की प्लॅस्टिकने आधी ढोल झाकायचे, मग माणसं. आवाजाचा त्रास होतो लोकांना, खोटं कशाला बोलू. माझी स्वतःची आजी लक्ष्मी रोडला राहते आणि दहा दिवस चिंचवडला मामाकडे निघून जाते. "तू वाजव, मी नाही ऐकत" हा आमच्यातला करार आहे.

रेघोट्या

चित्राला आवाज नसतो, पण वास असतो. अंधेरीला पीजीमध्ये तेलरंग काढले तर टर्पेंटाइनने खोलीतल्या दोघींची डोकी धरली आणि मालकिणीने विचारलं, स्टो पेटवतेस काय? तेव्हापासून खिशात मावणारी वही आणि एकच पेन. विरार लोकलमध्ये झोपलेल्या बायका काढते. झोपलेलं माणूस चांगलं मॉडेल, फक्त स्टेशन आलं की मान सरळ होते आणि चित्र अर्धवट राहतं. माझ्याकडे दोनशेच्या वर अर्धवट बायका आहेत. एकदा एकीने डोळे न उघडता सांगितलं, "नाक नीट काढ."

महिन्यातून एकदा जहांगीर आर्ट गॅलरी. फुकट आहे, गार आहे, १९५२ पासून आहे. आत भिंत मिळायला चित्रकारांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं. बाहेर फुटपाथवर मात्र कोणीतरी कुंपणाला चित्रं लावून बसलेलं असतंच. मला आतल्यापेक्षा त्यांच्याशी बोलायला जास्त आवडतं. ऊन सरकलं की ते चित्रं सरकवतात.

मागच्या_रांगेतला

मी नुसता ऐकणारा, पण जागेचा प्रश्न आम्हालाही आहे. पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव १९५३ ला सुरू झाला, आणि माझे बाबा ज्या सवाईच्या गोष्टी सांगतात तो रात्रभर चालायचा. शाल, थर्मास, आणि पहाटे भीमसेनजी. पुढे रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंदचा नियम आला, शासनाने सूट दिलेले मोजके दिवस सोडून. नियम चुकीचा म्हणत नाही. पण त्यामुळे मी तिशीला आलो तरी उत्तररात्रीचा राग उत्तररात्री, समोर बसून, ऐकलेला नाही. दरबारी राग मला हेडफोनमधूनच माहीत आहे. तेही स्वयंपाकघरात, दिवा न लावता, कारण बाहेरच्या खोलीत रूममेट झोपलेला असतो.

रात्रपाळी

इथे सगळे वाजवणारे आहेत, म्हणून खालच्या मजल्याकडून एक. मी कॉल सेंटरला आहे, अमेरिकेच्या वेळेने. पहाटे साडेपाचला घरी येतो, सहाला आडवा होतो. वरती कोणीतरी हार्मोनियम शिकतं. सा रे ग, सा रे ग, आणि गला आलं की थांबतं. रोज. म कधी येतच नाही. मला आवाजाचा त्रास नाही हो, मी त्या मची वाट बघत जागा राहतो.

ग्रुपवर मेसेज टाकावासा वाटला होता दोन-तीनदा. टाकला नाही, कारण टाकला की माणसं एकमेकांना जिन्यात ओळख देत नाहीत, असा अनुभव आहे.

काळी_चार

रात्रपाळी, हे वाचून मी उठून पाणी प्यायले.

काल जाऊन आले शेजारच्या आजोबांकडे. मेसेज त्यांनी टाकलेला नव्हता. त्यांना ग्रुपवर कसं लिहायचं हेच माहीत नाही. त्यांचं म्हणणं, तुमचा निषाद जरा चढा लागतो. कोण मग? दुसऱ्या मजल्यावर एक मुलगा आहे, सकाळी दूध घेताना कधी दिसत नाही. आता विचारायचंय त्याला.

तुम्ही कितीला उठता, एवढं सांगाल का?