प्रतिसाद: पडद्यावरचा डॉक्टर आणि शाळेतली तपासणी

'व्हिडिओवर डॉक्टर पोराला तपासणार कसा?' ही इथं वर विचारलेली शंका रास्त आहे. हृदयाच्या ठोक्यातला वेगळा आवाज (मर्मर) पडद्यावर ऐकू येत नाही. पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून आहे, त्यात आरोग्य पथकानं शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येऊन मुलं प्रत्यक्ष तपासायची असतात. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता, वाढीतला विलंब, सगळं त्यात येतं.

घोडं अडतं ते पुढं. कर्नाटकातल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात, कणकुंबीकडं भर पावसात पोराला घेऊन बेळगाव गाठायचं म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडते. मग पथकानं दिलेली मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी घरातच राहते. खरा उपयोग इथं आहे: ई-संजीवनी या सरकारच्या व्हिडिओ-सल्ला सेवेत गावच्या आरोग्य केंद्रातला अधिकारी शेजारी बसून वजन, ताप सांगतो आणि तिकडून डॉक्टर बोलतो. रक्तक्षय, खरूज, दम्याची फेरतपासणी यांना एवढं पुरतं.

मात्र आईला मराठीतच सगळं नीट सांगता येतं आणि डॉक्टर कानडी असला तर निम्मं राहून जातं. अशावेळी आशाताईंना जवळ बसवाच. आणि मराठी शाळांच्या गुरुजींनो, पथकानं पुढं पाठवलेल्या मुलांची यादी जपा, महिन्याभरानं पालकांना विचारा.