मदत हवी आहे: गांबियात तीन महिने गणित शिकवायला जाऊ का? गेले तर काय घेऊन?

वाईच्या_बाई

नमस्कार मंडळी,

आजवर इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी साताऱ्याकडची. ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली निम्मी दोनशिक्षकी शाळेत. गेल्या वर्षी निवृत्त झाले. लेक-जावई इंग्लंडात असतात. जावयांच्या ओळखीतली चार-पाच माणसं मिळून गांबियातल्या एका शाळेला मदत करतात. कधी बाकं, कधी पत्रे, कधी पाण्याचा पंप. मी तिकडे असताना त्यातल्या एक बाई जेवायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, चौथी ते सहावीला गणित शिकवायला एक सत्र याल का? मी 'हो' म्हणाले. पुरणपोळी वाढता वाढता दिलेला होकार तो, त्याचं गांभीर्य मुंबईला उतरल्यावर कळलं.

(कुणी सुचवायच्या आत सांगते: पैसे घेऊन 'स्वयंसेवक' पाठवणाऱ्या एका एजन्सीकडेही मी चौकशी केली होती. दोन आठवड्यांचे १,८०,००० रुपये, त्यात एक दिवस मगरी बघायला आणि शेवटी प्रमाणपत्र. प्रमाणपत्रं माझ्याकडे ट्रंकभर आहेत.)

गांबिया नकाशात शोधायलाच मला पाच मिनिटं लागली. पश्चिम आफ्रिकेत, गांबिया नदीच्या दोन्ही काठांना चिकटलेली लांबच लांब पट्टी, आणि समुद्राची बाजू सोडली तर सगळीकडून सेनेगल. क्षेत्रफळ जेमतेम ११,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्याहून थोडंसंच जास्त. १९६५ पर्यंत ब्रिटिशांकडे होता, त्यामुळे शाळा इंग्रजीत चालतात. आमची शाळा (बघा, 'आमची' म्हणायलाही लागले) फराफेनी गावाच्या बाजूला, नदीच्या उत्तर काठावर आहे.

गेल्या महिन्यात तिथल्या मुख्याध्यापकांशी व्हिडिओवर बोलणं झालं. त्यांचे दुपारचे तीन, माझे रात्रीचे साडेआठ. शाळा दोन पाळ्यांत भरते, दुसरी पाळी चालू होती. एका बाकावर चौघं. फळ्याच्या कोपऱ्यात तारीख आणि तिच्याखाली पट ५२, हजर ४७. मला वाटलं मी आमच्याच केंद्रातल्या शाळेत आलेय. सरांनी एका मुलाला फळ्यापाशी बोलावून ४०३ वजा १७८ करायला सांगितलं. त्याने झरझर उत्तर लिहिलं, ३७५.

शिक्षक असाल तर कळलं असेल. शून्यातून सात जात नाहीत, मग सातातून शून्य घालवा. तीनातून आठ जात नाहीत, मग आठातून तीन. ३४ वर्षांत हे '३७५' मी किती पाट्यांवर पाहिलं असेल! त्या पोराने काहीच आळस केला नव्हता, त्याला फक्त शतकाचा गठ्ठा कधी कुणी सोडून दाखवला नव्हता. स्क्रीनमधून हात घालून काड्या मांडाव्यात असं झालं मला. त्या रात्री झोप लागली नाही, आणि खरं सांगायचं तर जायचं तेव्हाच ठरलं. पण आता शंका घेरायला लागल्यात, म्हणून हा धागा.

पहिली शंका भाषेची. माझं इंग्रजी डी.एड.चं. वाचते, लिहिते, पण बोलताना आधी मनात मराठी वाक्य जुळवते. मुलांच्या घरी मांडिंका किंवा वोलोफ. म्हणजे मधली भाषा दोन्ही बाजूंना परकी. यात गणित पोचेल?

दुसरी शंका जास्त टोचते. आमच्या शाळेत कॉलेजची मुलं एकसारखे टी-शर्ट घालून यायची. आठवडाभर गाणी, खेळ, फोटो. ती गेल्यावर वर्ग ताळ्यावर आणायला मला पुढचा आठवडा लागायचा. मी तिकडे जाऊन हेच करणार नाही कशावरून? तीन महिन्यांत नेमकं काय करावं, म्हणजे मी निघून आल्यावरही तिथे काही उरेल?

बाकीच्या बारीकसारीक: मला रक्तदाबाची एक गोळी रोज आहे. शाकाहारी आहे, अंडं चालतं. त्यांनी सप्टेंबरात, वर्ष सुरू होताना, या म्हटलंय. येत्या मार्चमध्ये मला साठ पूर्ण होतील. घरून ह्यांचा पाठिंबा आहे. सासूबाई (वय ८६) म्हणतात, "मग रिटायर कशाला झालीस?"

कुणी त्या भागात राहिलंय का? काय घेऊन जावं, काय मुळीच नेऊ नये?

---

खारा_वारा

बाई, नमस्कार. गांबियातल्याच सेरेकुंडा शहरात सहा वर्षं काढली आहेत, एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेबाला होतो. तुमच्या बाजूला कामानिमित्त कितीदा तरी जाणं व्हायचं.

सप्टेंबर नको. जून ते ऑक्टोबर पावसाळा. आतले मातीचे रस्ते वाहून जातात, डास मोकाट, आणि मोठी मुलं शेंगांच्या शेतावर. तिथलं नगदी पीक भुईमूगच आहे. जानेवारीत दुसरं सत्र सुरू होतं, तेव्हा या. हवा कोरडी, रात्री चक्क शाल लागते. फक्त वाळवंटाकडून धुळीचा वारा येतो, त्याला हरमटान म्हणतात. चष्मा दिवसातून दहादा पुसायचा. रमजान आता त्याच सुमारास येतो. तेव्हा शिक्षक आणि मोठी मुलं उपाशीपोटी असतात, म्हणून गणिताचा तास सकाळी पहिला मागून घ्या.

जाण्याचं: मुंबईहून थेट विमान नाही. इस्तंबूल किंवा कासाब्लांकावरून राजधानी बंजुल. पूर्वी बंजुलहून पलीकडच्या 'बारा' नावाच्या गावाला फेरीबोट पकडायची म्हणजे अर्धा दिवस गेला. आता २०१९ पासून फराफेनीपाशी नदीवर पूल आहे, दक्षिण काठाने गाडीने सरळ जाता येतं. व्हिसाचं काम दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयात. आपला दूतावास मात्र डाकारला, म्हणजे सेनेगलमध्ये, तोच गांबियाचंही बघतो. तो नंबर कागदावर लिहून ठेवा. प्लग ब्रिटिश, चौकोनी तीन पिनांचे. पैसे किनाऱ्यावरच बदलून घ्या, आत एटीएमच्या भरवशावर राहू नका.

जेवण. दोमोदा म्हणजे शेंगदाण्याचा दाट रस्सा आणि भात. तुम्ही डोळे मिटून खाल्लात तर दाण्याची आमटीच. पण त्यात मासा किंवा मटण असतंच; तुकडे बाजूला काढून दिले तरी रस्सा त्याचाच. तेव्हा पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा आणि स्वतःचं थोडं करून घ्यायची सोय ठेवा. तांदूळ, कांदे, भेंडी, अंडी, तापालापा नावाचा कडक पाव, सगळं मिळतं. अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत मिळतं, वोंजो म्हणतात. गोरखचिंचेच्या गराचंही मिळतं. घरी बोलावलं तर एका मोठ्या परातीभोवती सगळे बसतात. आपल्यासमोरचंच खायचं, उजव्या हाताने. चांगला घास यजमानीणबाई तुमच्याकडे सरकवत राहतात, त्याला नाही म्हणताना माझी फार त्रेधा उडायची.

पोरं 'तूबाब, तूबाब' करत मागे येतील. तूबाब म्हणजे परदेशी गोरा माणूस. आपण गोरे नसलो तरी त्यात मोडतो. गोळ्या-पेनं वाटू नका. पर्यटकांनी ती सवय लावून ठेवलीय, 'मिंटी, मिंटी' म्हणून हात पुढे येतात. जे द्यायचं ते मुख्याध्यापकांच्या हातात द्या.

आणि एक. औषधं कुणाच्या मुलाला देऊ नका, साधं खोकल्याचंही नाही. २०२२ मध्ये तिथे ७०च्या आसपास लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपांबद्दल इशारा दिला होता. त्यानंतर दुकानात एक ओळखीची बाई आली, नेहमी हसून बोलायची. तिने माझ्याकडे बघून फक्त विचारलं, "तुमच्याकडे तुमच्या मुलांना हेच पाजता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्हालाही कुणी विचारेल. रागावू नका, वाद घालू नका.

---

नेमकं_बोलू

आपल्याकडच्या शाळांत शिक्षक नाहीत आणि आपण चाललो आफ्रिकेला. चालू द्या.

---

वाईच्या_बाई

@नेमकं_बोलू, दर शनिवारी शेजारच्या वस्तीवर मुलं घेऊन बसते. या एकदा, दोन हात कमीच पडतात.

@खारा_वारा, त्या बाईंचा प्रश्न वाचून थबकले. औषधांची पिशवी फक्त माझ्यापुरती.

---

नाडी_परीक्षा

मी डॉक्टर आहे, पण तुमची डॉक्टर नाही. त्यामुळे हे वाचून तुमच्या डॉक्टरांकडे जाच.

पीतज्वराची लस शासनमान्य केंद्रावरच मिळते, आधी नाव नोंदवावं लागतं. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परत येताना भारतातल्या विमानतळावर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना क्वचित का होईना, गंभीर त्रासाचा धोका वाढतो. जानेवारीत निघणार असाल तर साठीच्या आतच होईल, तरी रक्तदाबाची फाइल दाखवून मगच घ्या. कोरड्या दिवसांत त्या पट्ट्यात मेंदूज्वराची साथ येते, त्याही लशीचं विचारा.

मलेरिया तिथला फाल्सिपॅरम, म्हणजे जिवावर बेतणारा. आपली जुनी क्लोरोक्विन तिथे उपयोगाची नाही. डॉक्सिसायक्लिन घेतलंत तर परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायचं. अ‍ॅटोवाक्वोन-प्रोग्वानिल महाग, पण आल्यावर सातच दिवस. दोन्हींपैकी काय ते डॉक्टर ठरवतील. गोळ्या चालू असल्या तरी मच्छरदाणी हवीच. आणि आल्यानंतर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी बसू नका. 'आफ्रिकेतून आलेय' हे पहिलं वाक्य आणि त्याच दिवशी रक्ततपासणी.

---

खारा_वारा

बाई, भाषेचं राहिलंच. तुमचं मनात जुळवून बोललेलं इंग्रजी तिथे फायद्याचं आहे. इंग्लंडहून आलेली तरुण मंडळी इतकी भरभर बोलायची की पोरं नुसती माना डोलवायची. ती पोरंही तुमच्यासारखीच शाळेत इंग्रजी शिकलेली. हळू बोला, फळ्यावर लिहा, शेजारी स्थानिक शिक्षक उभा करा.

पण आकडे मात्र त्यांचे शिकून जा. दुकानात मी हिशेब तसाच शिकलो. मांडिंकात किलिंग, फुला, साबा, नानी, लूलू म्हणजे एक ते पाच. दहाला तांग. अकरा म्हणजे 'तांग निंग किलिंग', दहा आणि एक. वोलोफमध्ये तर गंमतच. पाच म्हणजे जुरोम, आणि सहा 'जुरोम बेन', पाच-एक. सात पाच-दोन, नऊ पाच-चार. हाताची बोटंच मोजताहेत.

---

वाईच्या_बाई

अहो, हे आधी का नाही सांगितलंत! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? 'त्रेपन्न'चं 'पन्नास तीन' केलं म्हणून भाषा बुडाली म्हणत होते लोक. तेव्हा दुसरीचा वर्ग माझ्याकडेच होता. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत दरवर्षी निम्मा वर्ग अडकायचा. आणि इथे मुलांच्या घरच्या बोलीतच दशक-एकक सुटे करून ठेवलेत! त्या ३७५वाल्या पोराला घरच्या भाषेत मोजायला लावलं तर गठ्ठा सोडणं त्याला नवीन वाटणारच नाही. निदान करून बघायला हवं.

तर आता ठरलं ते असं. सप्टेंबर रद्द, जानेवारी. लशीसाठी नाव नोंदवलं. वर्ग स्वतंत्र घ्यायचा नाही. चौथी ते सहावीच्या तिन्ही शिक्षकांबरोबर त्यांच्याच तासाला उभं राहायचं, साधनं त्यांच्याच हातांनी करून घ्यायची आणि मार्चपासून मी मागच्या बाकावर बसायचं. मुख्याध्यापकांना हे लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर लगेच आलं, त्यातल्या एका शिक्षकांना हे फार आवडलं आणि एकांना अजिबात नाही. म्हणजे शाळा खरीच आहे.

काड्यांचे गठ्ठे इथून न्यायचे का, असं विचारलं होतं. त्यावर त्यांनी फोटो पाठवला: पोतंभर बाटल्यांची झाकणं, मुलांनीच गोळा केलेली. भोकं पाडायला खिळा-हातोडी आहे म्हणाले, दहा-दहाच्या माळा ओवायला चांगली दोरी तेवढी आणा. सुतळीची चार बंडलं घेऊन ठेवलीत. ती विमानात हातातल्या बॅगेत चालतील का, की सामानातच टाकावी लागतील?