माळ्यावर सापडलेलं मूकपटाचं रीळ

सोलापुरातल्या एका घराच्या माळ्यावर मूकपटाचं रीळ सापडलंय. हरवलेल्या प्रेमपटाचं असू शकेल असं हे रीळ प्रोजेक्टरवर लावून पाहू का, असं एकाने विचारलंय. अजिबात नको! ३५ मिमी फिल्मच्या कडेला ‘नायट्रेट’ (जुन्या फिल्मचा अतिशय ज्वालाग्राही प्रकार) छापलेलं असेल तर ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. कुजलेली नायट्रेट फिल्म ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास आपोआप पेटू शकते. मे महिन्यात सोलापुरात पत्र्याखालच्या माळ्यावर काय होतं ते सांगायला नको. आधी डबा खाली, सावलीत आणा. चिकट फेस किंवा तपकिरी भुकटी दिसली तर उलगडू नका, थरासोबत चित्रच निघून येतं. धड असेल तर हातमोजे घालून सुरुवातीच्या पाट्या (चित्रपटाचं नाव वगैरे लिहिलेली चित्रं) भिंगातून वाचा, नाव बहुधा तिथंच मिळेल. हजार फुटी रीळ सेकंदाला १६ चित्रांच्या वेगाने जेमतेम १७ मिनिटं चालतं, म्हणजे अख्खा चित्रपट नाहीच. कुरिअर करू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी कळवा.