एड्ससाठीची परदेशी मदत: कायद्याने हिशेब मागावा का?

लेखापाल
अमेरिकेची 'पेपफार' योजना बहुतेकांना २००३ च्या कायद्यामुळे माहीत आहे: पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर, एचआयव्ही-एड्सशी लढायला, मुख्यतः आफ्रिकेत. मला बोलायचंय ते २०१३ च्या कमी गाजलेल्या कायद्याबद्दल. ओबामांनी डिसेंबरात सही केलेल्या त्या कायद्यात नवा पैसा नव्हता, देखरेख होती. निम्म्याहून जास्त रक्कम उपचारांवर, १० टक्के अनाथ आणि निराधार मुलांसाठी, दरवर्षी संसदेला अहवाल, शिवाय लेखापरीक्षणाचा एकत्रित आराखडा. ऑडिटमध्ये आयुष्य गेलंय माझं. हिशेब विचारणारा नसला की कालव्याचं पाणी तोंडाशीच जिरतं, शेवटच्या शेताला पोचत नाही. असा कायदा प्रत्येक देणाऱ्या देशाने करावा.

सांगलीकर
हिशेबाला आमची ना नाही. पण देणाऱ्याच्या कायद्यात हिशेबाच्या जोडीला उपदेशही येतो, त्याचं काय? २००३ च्याच कायद्यात अट होती की संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून द्यायचं. ब्राझीलने २००५ मध्ये त्यापायी सुमारे ४ कोटी डॉलर सोडले. आमच्या सांगलीच्या, वेश्यांसोबत काम करणाऱ्या 'संग्राम' संस्थेनेही ती सही केली नाही, अमेरिकी पैसा सोडला. वस्तीत दारोदार कंडोम पोचवणाऱ्या बायाच धंदा करणाऱ्या. त्यांच्याच विरोधात कागद लिहून द्यायचा आणि मग त्यांच्यासोबत काम करायचं? कुठल्या तोंडाने?

लेखापाल
ती अट वाईटच होती. पण ती कायद्यात लिहिलेली होती म्हणून कोर्टात नेता आली. २०१३ मध्ये अमेरिकी सुप्रीम कोर्टाने तिथल्या संस्थांपुरती ती रद्द केली. प्रतिबंधाच्या पैशातला तिसरा हिस्सा 'लग्नापर्यंत संयम' शिकवण्यावर घालवायची सक्तीही २००८ च्या दुरुस्तीत गेली. साहेबाच्या तोंडी हुकमाविरुद्ध कुठे दाद मागणार?

सांगलीकर
तिथल्या संस्थांपुरती, हे तुम्हीच लिहिलंत. परदेशी संस्थांना २०२० मध्ये त्याच कोर्टाने ते संरक्षण नाकारलं. सांगलीच्या बाईने वॉशिंग्टनला वकील लावायचा का?

औषधवाला
दोघांच्या बोलण्यात गोळी राहून गेली. सिप्लाने २००१ मध्ये तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देऊ केला होता. तरी पेपफारचा पैसा सुरुवातीला महागड्या ब्रँडांवर गेला, कारण अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता हवी होती. २००४ मध्ये जेनेरिकसाठी, म्हणजे ब्रँडशिवायच्या त्याच स्वस्त औषधांसाठी, वेगळी वाट काढली, मग भारतीय गोळ्या आत आल्या. एका रुग्णामागे खर्च किती, हा प्रश्न कोणीतरी लावून धरावा लागतो. लेखापालांच्या बाजूने माझं मत.

सांगलीकर
आणि जानेवारी २०२५? देखरेखीचा कायदा होता, तरी राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबली. जीवरक्षक औषधांना नंतर सूट मिळाली, पण तोवर कित्येक दवाखान्यांना कुलूप लागलं होतं. 'एकही दिवस गोळी चुकवू नका' असं आपण रुग्णाला बजावतो. मग गोळी देणाऱ्याने दिवस चुकवला तर? घेणाऱ्याने पै-पैचा हिशेब द्यायचा आणि देणाऱ्याला कोणी विचारायचं नाही, याला मी देखरेख म्हणत नाही.

लेखापाल
इथे माझ्याकडे उत्तर नाही. २०१३ च्या कलमांत हे बसत नाही, बसायला हवं होतं. मदत थांबवायची असेल तर आधी प्रत्येक रुग्णाची सहा महिन्यांची औषधं दवाखान्यात पोचवा, मगच सही करा, असं कलम मी पहिलं लिहीन. संयमाचं किंवा वेश्याव्यवसायाविरुद्ध लिहून घेण्याचं एकही नाही.

सांगलीकर
मग त्या कायद्याला माझाही पाठिंबा. फक्त मसुदा करताना गोळी घेणाऱ्यांना समोर बसवा.