गोल्फच्या ७-आयर्न क्लबची स्टील शाफ्ट (दांडा) होझलच्या (हेडचा पोकळ गळा, ज्यात शाफ्ट बसते) तोंडाशीच तुटली आहे, आतला तुकडा कसा काढावा?

शाफ्ट होझलच्या काठाशी सपाट तुटली आहे. बाहेर काहीच उरलं नाही, पक्कड लावायला जागा नाही. हेड (चेंडूला लागणारा भाग) फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेलं आहे, वर क्रोम. हेअर ड्रायरने तापवून पाहिलं, तुकडा ढिम्म हलत नाही. थेट ड्रिल मारू का?

प्रतिसाद १
ड्रिल अगदी शेवटी. फोर्ज्ड हेडचं पोलाद मऊ असतं. बिट जरा तिरका गेला की शाफ्ट सोडून होझलची भिंत खातो, आणि मग नवी शाफ्ट कायमची सैल.

तुकडा धरून ठेवलाय तो इपॉक्सी गोंदाने, आणि तो मऊ पडायला शंभर अंशांच्या वर तापमान लागतं. हेअर ड्रायरचं ते काम नाही, हीट गन घ्या. हेड रबराच्या तुकड्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये आवळा. फेरूल (होझलच्या तोंडावरची प्लॅस्टिकची कडी) उरलं असेल तर आधी कापून टाका. होझल चारी बाजूंनी फिरवत तापवा, इपॉक्सीचा जळका वास आला की पुरे. ब्लोटॉर्चची ज्योत एका जागी थांबली तर क्रोम पिवळं-निळं पडतं, ते डाग जात नाहीत.

गरम असतानाच तुकड्याच्या नळीत ईझी-आउट (तुटके तुकडे काढायचा उलट्या आट्यांचा बिट) हलक्या हाताने ठोका आणि डावीकडे फिरवा. जोरात ठोकलं तर नळीच फुगते आणि होझलला आणखी घट्ट बसते. बहुतेकांचं इथेच चुकतं. फिरत नसेल तर जोर लावू नका, पुन्हा तापवा. ईझी-आउट आत मोडला तर तो इतका कडक असतो की साधा बिट त्यावर चालत नाही.

होझलमध्ये वाकून बघू नका. काही शाफ्टच्या टोकात वजनाची पिन असते, कोंडलेल्या गरम हवेने ती उडू शकते.

मूळ प्रश्नकर्ता
हीट गन मिळेल. ईझी-आउट घसरला तर?

प्रतिसाद २
मग ड्रिल प्रेसवर, हातातल्या ड्रिलने नको. आधी व्हर्निअरने होझलचं भोक मोजा: पॅरलल टिप (शाफ्टचं टोक एकसारखं जाड) ९.४ मिमी, टेपर टिप (टोक निमुळतं) साधारण ९ मिमी. पॅरलल असेल तर ६ मिमीपासून चढत ८.५ वर थांबा, उरलेली पातळ साल छिन्नीने आत दुमडते. टेपरचं भोक खाली निमुळतं होतं, तिथे ८ च्या पुढे जाऊ नका.

नवी शाफ्टही त्याच टिपची घ्या. होझल तारेच्या ब्रशने घासून अ‍ॅसिटोनने पुसा. पाच मिनिटांत सुकणारा इपॉक्सी वापरू नका, चेंडूच्या धक्क्याने तो तडकतो. २४ तासांचा घ्या.