मदत हवी आहे: पापुआ न्यू गिनीत पट्टा रद्द झाल्यावर जमीन मूळ मालकांकडे कशी परत जाते?

पापुआ न्यू गिनीत १९९६ च्या जमीन कायद्याच्या कलम ११ खाली सरकार पारंपरिक मालकांकडून, म्हणजे वंशगटांकडून, जमीन भाडेपट्ट्याने घेते आणि कलम १०२ खाली तीच ९९ वर्षांपर्यंत कंपनीला देता येते. अशा पट्ट्यांची तपासणी करणाऱ्या चौकशी आयोगाचे २०१३ मध्ये संसदेत मांडलेले अहवाल आणि मूळ कायदा वाचला आहे. संमती कुठे फसते ते कळले: सही चार पुढाऱ्यांची, बाकी वंशगट अंधारात. हा उघड अन्याय आहे. वानुआतू या देशाची उदाहरणे नकोत, तिथली व्यवस्था वेगळी.

अडते ते पुढेच. न्यायालयाने कंपनीचा पट्टा रद्द केला, तर कलम ११ चा सरकारी पट्टाही आपोआप संपतो, की त्यासाठी वंशगटाला स्वतंत्र दावा लावावा लागतो?